फेल झालेली बॉटल कापायला शीक

मुलुंड, मुंबई

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. दोन ऑफर हातात आहेत हे वाचून बरं वाटलं. हल्ली एक मिळतानाच मुलांची दमछाक होते. पहिली पवईच्या ऑफिसात, सिम्युलेशनच्या टीममध्ये. दुसरी कारखान्यात, व्हॅक्यूम इंटरप्टरच्या, म्हणजे सर्किट ब्रेकर या प्रवाह तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या पोटातली हवा काढून टाकलेली बंद नळी, जिला आम्ही नुसतं बॉटल म्हणतो, तिच्या असेंब्ली आणि टेस्टिंगला. पगार कमी, गाव लांब, सहा दिवसांचा आठवडा. तुझ्या आईला पवई हवी, कारण घरचा डबा नेता येईल. तुझे बाबा म्हणतात, ब्रेकर ही जुनी गोष्ट झाली, त्यात आता नवं काय निघणार. आणि तू लिहितेस की तुला नुसती नोकरी करायची नाही, काहीतरी शोधून काढायचंय.

मग कारखाना घे. निदान पहिली तीन-चार वर्षं. का, ते सांगायला पत्र लांबणार आहे. मला आता वेळच वेळ आहे, तू लोकलमध्ये तुकड्या-तुकड्याने वाच.

आधी बाबांची शंका. त्यांना वाटतं त्याहूनही ही गोष्ट जुनी आहे. १९२६ साली अमेरिकेत कॅलटेकमध्ये रॉयल सोरेन्सन आणि मेंडेनहॉल या दोघांनी निर्वात नळीत स्विच बसवला आणि सुमारे ४० हजार व्होल्टला सुमारे ९०० अँपिअरचा प्रवाह तोडून दाखवला. त्या काळात ब्रेकर म्हणजे तेलाची टाकी. प्रवाह तोडताना पेटणारा आर्क, म्हणजे विजेची ज्योत, तेलात विझायचा, तेल काळं पडायचं, बदलावं लागायचं, आणि एखाद्या दिवशी टाकी फुटली तर आग. त्यापुढे हे म्हणजे चमत्कारच होता: तेल नाही, धूर नाही, जेमतेम आवाज. पण जनरल इलेक्ट्रिकने १५ केव्ही (१५ हजार व्होल्ट) वर्गाचा व्हॅक्यूम ब्रेकर जाहीर करायला १९६२ साल उजाडलं. मधली छत्तीस वर्षं ती कल्पना छापील निबंधात पडून होती. ज्याला इंग्रजी वाचता येत होतं त्या कोणालाही ती मिळत होती.

अडलं कुठे होतं? दोन अगदी अरसिक ठिकाणी. पहिलं, तांब्याच्या पोटात वायू असतो. बाहेरून कितीही चकचकीत दिसला तरी धातूत ऑक्सिजन, हायड्रोजन मुरलेला असतोच. आर्कने पृष्ठभाग वितळला की तो वायू बाहेर येतो आणि तू पंप लावून मिळवलेला निर्वात दहा-वीस वेळा स्विच उघडल्यावर बिघडतो. दुसरं, काच आणि धातू यांचा सांधा. प्रयोगशाळेत बाजूला पंप धडधडत असतो, त्यामुळे बारीक गळती असली तरी चालून जातं. कारखान्यातून बाहेर पडलेल्या बॉटलला पंप नसतो. आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा कोटीव्या हिश्श्याखाली ठेवायचा आणि तो वीस-वीस वर्षं तसाच राहू द्यायचा, हे त्या काळच्या सांध्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

सुटका आली ती बाजूच्या गल्लीतून. ट्रान्झिस्टरसाठी जर्मेनिअम शुद्ध करण्याची झोन रिफायनिंगची पद्धत १९५० च्या दशकात रुळली. तीच युक्ती तांब्याला लावली आणि खरोखर वायुमुक्त धातू हातात आला. जनरल इलेक्ट्रिकमधल्या या कामात थॉमस ली यांचं नाव तुला पुन्हा पुन्हा भेटेल. जन्म शांघायचा, पुढे एमआयटीत प्राध्यापक. त्यांच्या गटाने आर्कचं भौतिकशास्त्र आणि धातूची शुद्धता ही दोन्ही कामं शेजारी-शेजारी ठेवून केली. एका गटाने गणित करायचं आणि दुसऱ्याने भट्टी सांभाळायची, अशी वाटणी असती तर आणखी दहा वर्षं गेली असती असं माझं आपलं मत आहे.

दुसरी वाट रेडिओवाल्यांची, आणि मला ती जास्त आवडते. कॅलिफोर्नियात सॅन होजेला जो जेनिंग्ज यांची कंपनी होती. ताकदवान ट्रान्समीटरला लागणारे व्हॅक्यूम कपॅसिटर ती बनवायची. तिथे निर्वात सील करण्याचा हात आधीच बसलेला होता. मग अँटेना बदलायचे छोटे व्हॅक्यूम स्विच आले, आणि १९५० च्या दशकात तेच स्विच विजेच्या कंपन्यांच्या कपॅसिटर बँकांवर जाऊन पोचले. तिथल्या ह्यू रॉस या अभियंत्याने १९५८ मध्ये पॉवर स्विचिंगसाठी व्हॅक्यूम स्विचचे गुणधर्म कसे असतात यावर निबंध वाचला. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि तिच्यातून हाय-व्होल्टेज रिले, व्हॅक्यूम स्विच, आणि त्यांच्या जोडीला उच्च व्होल्टेज मोजायचे डिव्हायडर बाजारात आणले. करिअर म्हणून या माणसाकडे बघ. बॉटल बनवणारा, तिच्यावर निबंध लिहिणारा आणि ती मोजायचं साधन करणारा एकच माणूस. तुझ्या दोन ऑफरपैकी कुठली या वाटेवर नेते, ते तूच ठरव.

तर छत्तीस वर्षांच्या त्या पोकळीत अडकलेली माणसं कमी हुशार नव्हती. त्यांच्याकडे धातू नव्हता आणि सांधा नव्हता. या धंद्यात अजूनही नव्वद टक्के शोध तिथेच लागतात, म्हणून तू तिथे असावंस असं मला वाटतं. (नव्वद हा आकडा माझ्या पोटातून आलेला आहे, कुठे छापू नकोस.)

असेंब्ली शॉप पहिल्यांदा बघशील तेव्हा जरा हिरमोड होईल. ना ठिणग्या, ना आवाज. पांढरे कोट, टोप्या, हातमोजे, आणि टेबलावर मांडलेले सुटे भाग: ॲल्युमिना सिरॅमिकची नळी, तांब्याचे दांडे, त्यांच्या टोकांचे कॉन्टॅक्ट (जुळले की प्रवाह वाहतो, सुटले की तुटतो), दांडा हलला तरी निर्वात राखणारा स्टेनलेस स्टीलचा घड्यांचा बेलोज, धातूची वाफ अडवणारं शील्ड. सिरॅमिकच्या कडांवर मॉलिब्डेनम-मँगनीजचा थर भाजून बसवलेला असतो, त्यावर निकेल, कारण उघड्या सिरॅमिकला ब्रेझिंगचा, म्हणजे सांधे जोडायला वितळवायचा, धातू चिकटतच नाही. सांध्यासांध्यात चांदी-तांब्याची बारीक कडी ठेवतात. ७२ भाग चांदी, २८ भाग तांबं; हे मिश्रण ७८० अंशांच्या आसपास एकदम वितळतं. सगळं रचून व्हॅक्यूम भट्टीत घालायचं. भट्टी हळूहळू चढवत, थांबत-थांबत न्यायची, म्हणजे भागांमधला वायू आधी निघून जातो, आणि मग एका टप्प्यावर कडी वितळून बॉटल कायमची बंद होते. पूर्वी शेवटी तांब्याची नळी चिमटून बॉटल बंद करत. आता भट्टीतच मिटते.

मी शॉपवर होते तेव्हा कारखाने कायद्याच्या कलम ६६ मुळे बायकांना संध्याकाळी सातनंतर थांबता येत नसे. भट्टी मात्र संध्याकाळी चढायची आणि पहाटे उतरायची. म्हणजे ज्या वेळात खरं काय ते घडायचं त्या वेळात मी घरी भाजी निवडत बसलेली. यावर मी तक्रार-अर्ज केले ते वेगळं, पण उपयोग झाला तो चार्ट रेकॉर्डरचा. सकाळी सहाला गेट उघडलं की पहिलं काम, रात्रीचा कागद फाडून घेणं. एक रेघ तापमानाची, एक दाबाची. तापमान चढताना दाबाच्या रेघेला फुगवटे येतात. खालच्या तापमानाला येतो तो मुख्यतः पाण्याचा, भागांवर बसलेल्या ओलाव्याचा. वर येतो तो स्टीलमधल्या हायड्रोजनचा. मुंबईच्या जुलैमध्ये पहिला फुगवटा हमखास मोठा यायचा, ड्रायर कितीही चालू ठेवा. एखाद्या रात्री तो कारण नसताना मोठा दिसला की मी विचारायचे, ट्रॉली किती वेळ बाहेर उभी होती? उत्तर बहुधा असायचं, चहाची सुट्टी. असे चार्ट वाचून-वाचून मला जे कळलं ते रात्री तिथे नुसतं बसून कळलं नसतं, असं आता स्वतःची समजूत घालायला म्हणते. तू रात्रीही थांबता येईल अशा काळात नोकरीला लागते आहेस. थांब.

बॉटलच्या आत काय होतं ते पुस्तकात वाचलं असशीलच, तरी एक गोष्ट नीट घोळवून घे. निर्वातात आर्क पेटतो तो कशाचा? हवा तर नाहीच. कॉन्टॅक्ट सुटताना शेवटचा चिकटलेला बिंदू वितळतो, उकळतो, आणि प्रवाह त्या धातूच्याच वाफेतून वाहू लागतो. कॅथोडवर बारीक तेजस्वी ठिपके सैरावैरा पळतात. तांब्यावर एकेक ठिपका साधारण शंभर अँपिअरपर्यंत वाहून नेतो. ५० हर्ट्झला प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यातून जातो. शून्य आलं की ठिपके विझतात, आणि वाफ काही मायक्रोसेकंदांत कॉन्टॅक्टवर आणि शील्डवर जाऊन जमते. मग उरतो नुसता निर्वात, आणि तो किती सोसतो बघ: १२ केव्हीच्या बॉटलमध्ये दहाएक मिलिमीटरच्या फटीने ७५ केव्हीचा इम्पल्स (विजेचा क्षणिक धक्का) झेलायचा असतो. त्याच ७५ केव्हीला बाहेर हवेत १२० मिलिमीटर अंतर सोडावं लागतं. म्हणून बॉटल बाहेरून एवढी लांब दिसते. आतल्या फटीला तेवढी लांबी लागत नाही, बाहेरच्या हवेला लागते. आणि आपल्याकडे वसईच्या खाडीवरची खारट ओली हवा असेल तर आणखीच.

प्रवाह दहा हजार अँपिअरच्या पुढे गेला की आर्क पसरलेला राहत नाही, एका जागी गोळा होतो आणि तिथला कॉन्टॅक्ट खणून काढतो. यावर जनरल इलेक्ट्रिकमध्ये कॉन्टॅक्टला चक्राकार चिरा देऊन आर्कला स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्राने पळवायची युक्ती निघाली. ब्रिटनमध्ये मायकेल रीस यांच्या गटाने कपासारखे, तिरक्या चिरांचे कॉन्टॅक्ट केले. त्याच देशात १९६० च्या दशकाच्या अखेरीस १३२ केव्हीचा व्हॅक्यूम ब्रेकर उभा राहिला, एका फेजला आठ बॉटल एकापुढे एक जोडून. कॉन्टॅक्टच्या धातूची कथा तर अशीच अजून चालू आहे. शुद्ध तांबं वेल्ड होतं. त्यात बिस्मथ घातलं तर वेल्ड ठिसूळ होऊन तुटतं, पण कॉन्टॅक्ट लवकर झिजतो. तांबं-क्रोमिअम आलं आणि बाजी मारून गेलं. त्यातलं क्रोमिअम उरलासुरला वायूही धरून ठेवतं. तेही निर्दोष नाही. प्रवाह शून्यावर यायच्या आधीच तीन-पाच अँपिअरला तुटतो, आणि पुढे मोटर असेल तर तिच्या वाइंडिंगवर सर्ज (व्होल्टेजची उसळी) जातो. या एका ओळीवर तू आयुष्य काढू शकतेस.

बाबांना हेही सांग की ते ज्या लोकलने नोकरीला गेले तिच्या टपावर आता हेच बसलेलं आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर), आणि मुंबई जवळजवळ नव्वद वर्षं डीसीवरच चालली. डीसीला नैसर्गिक शून्य येतच नाही, त्यामुळे साधी बॉटल तिथे नुसती आर्क धरून बसेल. २५ केव्ही एसीवर बदल २०१६ पर्यंत पूर्ण झाला तशी टपावर व्हॅक्यूम ब्रेकरची जागा पक्की झाली. न्यूट्रल सेक्शन, म्हणजे वरच्या तारेचा वीज नसलेला तुकडा, आला की मोटरमन डीजे (टपावरचा हाच ब्रेकर) उघडतो, पुढे गेल्यावर लावतो. दिवसभर, रोज, पावसात. तिथे शॉर्ट सर्किट क्वचित येतं. बॉटलचा जीव खातो तो बेलोज.

बेलोजवरून एक किस्सा सांगते, कारण माझ्या नावावर जो एक बरा शोध आहे तो त्यातून आला.

एका ग्राहकाकडून काही बॉटल परत आल्या. निर्वात गेलेला. आमच्याकडून निघताना सगळ्या पास होत्या, मॅग्नेट्रॉन टेस्टचे आकडे स्वच्छ. (ती टेस्ट तुला पहिल्याच आठवड्यात शिकवतील: बाहेरून कॉइलने चुंबकीय क्षेत्र द्यायचं, उघड्या कॉन्टॅक्टवर व्होल्टेज द्यायचं आणि जो अगदी सूक्ष्म आयन प्रवाह वाहतो त्यावरून आतल्या वायूचा दाब काढायचा.) मीटिंग भरली. ब्रेझिंगवाल्यांवर बोट गेलं, कारण गळती म्हटलं की बोट तिकडेच जातं. डिझाइनच्या एका हुशार मुलाने कागद मांडला की बेलोज तीस हजार वेळा चालायला हवा. त्याचं गणित बिनचूक होतं.

मी बॉटल लेथवर लावून घेतली. तेल न वापरता, धातूच्या कपाच्या कडेने, अगदी सावकाश. चांगली बॉटल कापली तर आत तांबं गुलाबी दिसतं आणि शील्डवर जमलेला थर चकाकतो. या बॉटलमध्ये कॉन्टॅक्ट निळे-काळे पडले होते, म्हणजे हवा आत गेल्यावरही ती काही वेळ चालवली गेली होती. त्यात नवल नाही: तीन फेजपैकी एक बॉटल गेली तरी पुष्कळदा उरलेल्या दोघी काम निभावून नेतात, आणि कोणाला पत्ता लागत नाही. बेलोज सोडवून भिंगाखाली धरला. आतल्या घडीवर तडा होता, नखाएवढा, आणि तो तिरका होता.

नुसता पुढे-मागे होऊन थकलेला बेलोज घडीच्या कडेने, गोलाईत फाटतो. तिरका तडा म्हणजे कोणीतरी त्याला पिळलं होतं. दुसरी बॉटल कापली, तिच्यातही तसाच.

मग ग्राहकाच्या पॅनेलपाशी गेले आणि तिथल्या फिटरला म्हटलं, तुम्ही हे कसं बसवता ते दाखवा. त्याने दाखवलं. ड्राइव्ह रॉडचा (बॉटलचा दांडा हलवणाऱ्या सळईचा) नट आवळताना तो दांडा दुसऱ्या पान्याने धरायला हवा, म्हणजे पीळ बेलोजवर जात नाही. आमच्या सूचनापत्रात तसं लिहिलेलं होतं, आकृतीसकट. पण त्या पॅनेलमध्ये दुसरा पाना घालायला जागाच नव्हती. तो एकाच पान्याने आवळायचा आणि आवळताना बेलोज पिळला जायचा. त्याने मला सांगितलं, "मॅडम, हे आम्ही पहिल्या दिवसापासून असंच करतो, कोणी विचारलं नाही."

दांडा फिरू नये म्हणून मार्गदर्शक बुश जगात तेव्हाही होत्या. बेलोजला पीळ चालत नाही हे कोणी नव्याने सांगायला नको. आमचं नवं होतं ते एवढंच की बुश आणि दांड्याचे सपाट भाग असे ठेवले की आवळण्याचा सगळा जोर समोरच्या बाजूने, एका पान्यात, बॉटलच्या बाहेरच अडवला जावा. नायलॉनचा तुकडा, किंमत नगण्य. तक्रारी थांबल्या.

कंपनीने पेटंटचा अर्ज करायचं ठरवलं. मसुदा आला तेव्हा त्यात दोन साहेबांची नावं होती आणि माझं नव्हतं. मी वाद घातला नाही, वही पुढे ठेवली. तारखेसकट रेखाटनं, कापलेल्या बॉटलचे क्रमांक, फिटरशी झालेलं बोलणं, आणि पानाच्या खाली लेथवरच्या माणसाची साक्षीची सही. मसुदा दुसऱ्या दिवशी बदलून आला. त्या फिटरचं नाव मात्र कुठेच लागलं नाही, आणि ते मला आजही खुपतं.

तेव्हा वही ठेव. बांधीव, पानांवर क्रमांक छापलेली. सुट्या कागदांना कोणी विचारत नाही. चुकलेलं खोडू नको, एक रेघ मार. महत्त्वाच्या पानावर त्याच दिवशी कोणाची तरी सही घे. आपल्याकडे पेटंट १९७० च्या कायद्याने मिळतं, मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. महाराष्ट्रातले अर्ज अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जातात. आता सगळं ऑनलाइन असलं तरी एकदा जाऊन ये, ओळख असलेली बरी. नोकरीत लावलेल्या शोधाची मालकी कोणाची, हे बहुधा तुझ्या करारात लिहिलेलं असतं आणि ती कंपनीकडेच जाते. पण शोधक म्हणून नाव लागण्याचा हक्क कलम २८ मध्ये वेगळा आहे, तो सोडायचा नाही. परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर कलम ३९ ची परवानगी लागते. आणि अर्ज दाखल होईपर्यंत कॉन्फरन्समध्ये पेपर नाही, फोटो नाही, "बघा आम्ही काय केलं" नाही. अर्ज आधी, टाळ्या नंतर.

सिम्युलेशनबद्दल माझ्या मनात आकस आहे असं समजू नको. आर्कचं चुंबकीय क्षेत्र, शील्डच्या कडेवरचा ताण, हे हाताने काढायचे दिवस गेले, आणि चिरांचे आजचे आकार संगणकाशिवाय कोणी काढूच शकलं नसतं. पण दुसरा पाना मावत नाही हे कुठल्या मॉडेलमध्ये घालशील? आधी शॉपवर राहा, मग पवईला जा. उलटं करणारी मुलं मी पाहिली आहेत. ती उंटावरून शेळ्या हाकतात, आणि वाईट म्हणजे शेळ्यांनाही ते कळतं.

दोन गोष्टी जिवाच्या म्हणून लिहिते. कंडिशनिंग करताना, म्हणजे नव्या कॉन्टॅक्टचा पृष्ठभाग तयार करायला, उघड्या फटीवर मोठं व्होल्टेज देतो, तेव्हा बॉटल ही एक्स-रे नळी असते. कुलिजने १९१३ मध्ये केलेल्या नळीतही तत्त्व हेच, निर्वातात वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन धातूवर आदळतात. कवच आणि अंतर, दोन्ही पाळ. कोणी "रोजचंच आहे" म्हणालं तरी पाळ. दुसरं, टेस्ट संपली आणि सप्लाय बंद झाला तरी आतलं शील्ड कशालाच जोडलेलं नसतं, त्यावर चार्ज राहतो. शील्डचा कडा बाहेर दिसत असेल तर त्यालाही डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

पुढे काय, हे बाबांना सांगायला एक मुद्दा देते. वरच्या व्होल्टेजला इतकी वर्षं एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) या वायूचं राज्य होतं. त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये १ जानेवारी २०२६ पासून त्याला बंदी आहे, वरच्या व्होल्टेजची पाळी टप्प्याटप्प्याने येते आहे. त्यामुळे १४५ केव्हीच्या एकाच बॉटलसाठी आता जगभर धडपड चालली आहे. अवघड यासाठी की निर्वातात फट दुप्पट केली म्हणून सहनशक्ती दुप्पट होत नाही. काही मिलिमीटरच्या पुढे ती साधारण वर्गमुळाच्या चालीने वाढते. म्हणजे पुन्हा पृष्ठभाग, पुन्हा धातू, पुन्हा सांधा. जुनं म्हणतात ते हे.

कारखान्याच्या मुलाखतीची दुसरी फेरी बाकी आहे म्हणतेस. तिथे तूही विचार. परत आलेल्या बॉटल कुठे जातात, भंगारात की लेथवर? त्या कापायची परवानगी नव्या इंजिनिअरला असते का? भट्टीचे चार्ट कोण बघतं? भोपाळला सीपीआरआयमध्ये (केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत) शॉर्ट सर्किट टेस्टला बॉटल जातात तेव्हा बरोबर कोणाला पाठवतात, मॅनेजरला की ज्याने बनवली त्याला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "भंगारात" असं आलं तर मला फोन कर, मग पवईचा विचार करू.

आईला सांग, त्या गावात डबा मिळतो, आणि शनिवारी रात्री निघालीस तर रविवारी सकाळी घरी.

आणि ऑफर लेटरवर सही करायच्या आधी त्यातलं शोधांच्या मालकीचं कलम, पूर्ण पान, फोटो काढून मला पाठव. अक्षर बारीक असतं, नीट उजेडात काढ.

तुझी,
मावशी